मोठं गणित

"मार," भोयर सर म्हणाले.

रुख्मिणीने हात वर केला आणि तो तिथेच राहिला. समोर तिचा भाऊ उभा होता. कवडू तिच्याहून दोन वर्षांनी मोठा आणि वीतभर उंच. फळ्यावर त्याचं उदाहरण अर्धवट पडलं होतं. क्षवर्ग वजा सात क्ष अधिक बारा, अवयव पाडा. त्याखाली त्याने काहीतरी लिहून पुसलं होतं, पुन्हा लिहून पुन्हा पुसलं होतं, आणि त्या जागी खडूचा पांढरा पट्टा तेवढा उरला होता. शेजारी रुख्मिणीने तेच उदाहरण सोडवून दाखवलं होतं.

नववीच्या वर्गात भोयर सरांचा हा नियम होता. ज्याला उदाहरण आलं त्याने न आलेल्याच्या थोबाडीत द्यायची. सर स्वतः कुणाला हात लावत नसत. छडी तर त्यांच्याजवळ नव्हतीच.

"सर, थो माहा भाऊ हाय," ती म्हणाली.

"माहीत आहे मला. घरचाच हात आहे, फार लागणार नाही."

वर्ग हसला. रुख्मिणीने कवडूच्या गालाला बोटं टेकवली आणि हात मागे घेतला.

"ही काय भाऊबीज आहे?" सर खुर्चीतून थोडे पुढे झुकले. "ओवाळू नको त्याला. मार."

आता वर्गात कुणी हसत नव्हतं. तिने पुन्हा हात उचलला. तो खाली येण्याआधीच कवडूने डोळे मिटून घेतले, लहान मूल औषधाचा चमचा पुढे आला की मिटतं तसे. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा झाला. कवडूने डोळे उघडले आणि तिच्याकडे न पाहता मागच्या बाकावर जाऊन बसला.

शाळा पुलगावला होती आणि घर नाचणगावात. रस्ता फार नव्हता, पण श्रावणात मधल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात पाय रुतत. तिथे आलं की कवडू न बोलता तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घ्यायचा आणि चपला हातात धरून पुढे व्हायचा. त्या दिवशी तो तिच्यासाठी थांबला नाही. चिखलात त्याच्या पावलांचे ताजे ठसे होते. ती त्यांच्यात पाय न ठेवता कडेकडेने चालत घरी आली.

देवकाबाईला, त्यांच्या आईला, गाल लगेच दिसला.

"काय झालं रे गालाले?"

"खेळताना लागलं," कवडू म्हणाला.

देवकाबाईने जास्त विचारलं नाही. तिने मीठ-मोहरी मुठीत घेतली, त्याला पाटावर बसवलं आणि त्याच्यावरून उतरवून चुलीत टाकली. मोहरी तडतडली. कवडू खाली मान घालून बसला होता. त्याच्याआधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. हा झाला तेव्हा सुईणीच्या सांगण्यावरून देवकाबाईने त्याला शेजारच्या यशोदाबाईच्या ओटीत टाकलं होतं आणि एक कवडी देऊन परत विकत घेतलं होतं, नाव तेव्हापासूनचं. सोळा वर्षं झाली तरी ती त्याला नदीवर जाऊ देत नसे, झाडावर चढू देत नसे. त्याला यायला उशीर झाला की दारात उभी राही आणि तो दिसला की काही न बोलता आत जाई. रुख्मिणी दाराच्या चौकटीला टेकून मोहरीचा धूर पाहत राहिली. उजवा हात तिने पाठीमागे धरला होता.

नववीत आलं की विषय निवडावे लागत. ज्यांना पुढे तांत्रिक शिक्षण घ्यायचं असे ते बीजगणित-भूमिती घेत. त्याला सगळे मोठं गणित म्हणत. उरलेले साधं गणित घेत आणि त्याच्या जोडीला मुलगे शेती, मुली गृहविज्ञान. कवडूला मोठं गणित त्याच्या वडिलांनी, रूपरावांनी, घ्यायला लावलं होतं. ते पुलगावच्या गिरणीत मागावर होते. ओळखीतला एक मुलगा दारूगोळ्याच्या डेपोत सुपरवायझर झाला आणि टेरिलिनचा शर्ट घालून नाचणगावात येऊन गेला, तेव्हापासून त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. कवडू नववीत नापास झाला तरी विषय तोच राहिला. त्याच वर्षी रुख्मिणी आठवीतून वर आली आणि भाऊ-बहीण एका वर्गात बसू लागले. तिचे आठवीचे मार्क पाहून भोयर सरांनीच तिला मोठ्या गणितात घातलं होतं. घरी तिला त्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

पहिल्या थापडेनंतर तिने एक उपाय करून पाहिला. सरांनी उदाहरण घातलं की ती खाली पाहत बसे. उत्तर डोक्यात तयार असे, पण हात वर करत नसे. असं काही दिवस चाललं. मग एकदा सर बाकांमधून फिरत तिच्यापाशी थांबले. तिने नकळत बाकाच्या कोपऱ्यावर बोटाने आकडे काढले होते. बाक ओलसर होता, त्यामुळे ते दिसत होते.

"येतं ना?" सरांनी हळूच विचारलं.

तिने तळव्याने आकडे पुसले.

"येत असून लपवतेस म्हणजे मला फसवतेस. ऊठ. कवडू, तूही ये."

त्या दिवशी तिला दोनदा मारायला लावलं. दुसऱ्या वेळी कवडूने स्वतःच गाल पुढे केला, लवकर आटपावं म्हणून. ते तिला थापडेहून वाईट वाटलं.

कवडू तिच्याशी बोलेनासा झाला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो जेवायचा, गुरांना पाणी दाखवायचा, वडिलांनी विचारलं की "हो" म्हणायचा. फक्त ती असेल तिथून उठून जायचा. एकदा तिने त्याच्या ताटात भाकर वाढायला हात पुढे केला तेव्हा त्याची मान किंचित मागे गेली. तिचा हात येताना पाहून. दोघांच्याही ते लक्षात आलं. ती रात्रभर त्या एवढ्याशा हालचालीचा विचार करत राहिली.

विषय पोळ्यापर्यंत बदलता येत. पोळा आठवड्यावर आला तेव्हा मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. भोयर सर डबा खात होते. ते बोलावतील म्हणून ती उभी, आणि बोलावू नये असंही तिला वाटत होतं.

"काय गं?"

"सर, मले गणित सोडाचं हाय."

"काऊन?" ते तिच्याच बोलीत म्हणाले आणि हसले.

"जमत नाई."

"खोटं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "या शाळेत मी बारा-तेरा वर्षं शिकवतोय. तुझ्यासारखा हात एकाचाही चालला नाही. तुला मी सोडणार नाही. जा."

ते खरं बोलत होते हे तिला कळलं, आणि त्यामुळेच ती जास्त घाबरली. सर दुष्टपणाने करत असते तर कधीतरी थांबले असते. त्यांना ती आवडत होती. ती मॅट्रिक होईपर्यंत ते तिला असंच फळ्यापाशी बोलावत राहणार होते.

त्या दिवशी तिने आईला सांगितलं. देवकाबाई भाकर थापत होती.

"कोनाले मारलं?"

"कवडूले."

"तुवा?"

"सर मारायले लावते."

परातीतली भाकर तशीच राहिली. देवकाबाईने पिठाच्या हातानेच रुख्मिणीचा उजवा हात धरला, तळवा उलटा करून पाहिला आणि सोडून दिला. ती ओरडेल, मारेल, असं रुख्मिणीला वाटलं होतं.

"दोन गेले तवा हा राह्यला," देवकाबाई चुलीकडे पाहत म्हणाली. "मी त्याले मोठ्यानं हाक बी मारत नाई. सोड थे गनित."

"सर नाई म्हनते."

"सरले काय विचारतं? मी तुह्या बाबाले हेडमास्तरकडं धाडीन. अन् कवडूले सांगू नको. त्याले लागन."

रूपरावांना देवकाबाईने एवढंच सांगितलं की पोरगी मोठी झाली, तिला शिवणटिपण येऊ द्या. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर ते गिरणीतून तसेच शाळेत गेले. रुख्मिणी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभी होती. आतून आवाज येत होता.

"चांगला विचार केला, रूपराव. मुलीच्या जातीला तेच कामाचं."

"हो जी."

काम तेवढ्यात झालं. तिला वाटलं होतं, खूप हलकं वाटेल.

पुढच्या सकाळी शाळेला निघताना कवडू अंगणात तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कितीतरी दिवसांनी. त्याने आपली कंपासपेटी तिच्यापुढे धरली. पितळी कंपास असलेली ती पेटी वडिलांनी त्याला वर्ध्याहून आणली होती आणि तो तिला कधी हात लावू देत नसे.

"घे," तो म्हणाला. "मले नाई लागत आता."

तिने ती घेतली. तो भराभर निघून गेला. तो बोलला याच आनंदात ती शाळेपर्यंत आली, काय बोलला याचा विचार तिने केला नाही.

गृहविज्ञानाचा वर्ग शेवटच्या खोलीत होता. लीलाबाई कपड्यांवरचे डाग शिकवत होत्या. चहाचा कशाने जातो, हळदीचा कशाने. मुली वहीत उतरवून घेत होत्या. भिंतीपलीकडे मोठ्या गणिताचा वर्ग होता. भोयर सरांचा आवाज शब्द न कळता ऐकू येत होता, मध्येच थांबत होता. प्रत्येक थांबण्याला रुख्मिणीची बोटं लेखणीवर आवळली जात. कुणाला बोलावलं? कोण मारतंय? एकदा थापडेचा आवाज आला. मग दुसरा. आता कवडूला दुसरंच कुणी मारत असेल, परक्या हाताने, जोरात. हे तिच्या लक्षात आधी कसं आलं नाही? ती सुटली होती. तो तिथेच होता.

मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात त्याला शोधू लागली. मागच्या बाकावरचा एक पोरगा पेरू खात उभा होता.

"कवडू? थो वर्गात आलाच नाई. सकाळी हेडमास्तरच्या खोलीतून निघाला अन् गेला."

"कोठी गेला?"

"काय मालूम. दप्तर बी नाई त्याचं."

मले नाई लागत आता.

 मागच्या उन्हाळ्यात मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा नदीच्या पुलापाशी एका पोराच्या चपला सापडल्या होत्या. व्यवस्थित, शेजारी शेजारी ठेवलेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस देवकाबाई कवडूला नजरेआड होऊ देत नव्हती. रुख्मिणी फाटकातून बाहेर पडली आणि नदीच्या दिशेने धावू लागली.

वर्धा नदी दोन्ही काठ भरून चालली होती. मातकट पाणी, त्यात बाभळीच्या फांद्या, कुणाच्या तरी मांडवाचा बांबू. वर रेल्वेच्या पुलावरून मालगाडी जात होती आणि तिच्या धडधडीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. काठावर पूर पाहायला आलेली चारदोन माणसं होती. ती त्यांना काही विचारू शकली नाही. विचारलं तर उत्तर मिळालं असतं. ती फक्त खाली पाहत काठाकाठाने चालत राहिली. गवत, चिखल, शेण, गवत.

एका दगडापाशी चपला होत्या.

टाचा झिजलेल्या, कातडी, मोठ्या. कवडूच्या अशाच होत्या. तिला त्या उचलून पाहवेना आणि तिथून हलवेनाही. आई दारात उभी असेल. संध्याकाळ होईल, दिवा लागेल, ती उभीच असेल, आणि मग रुख्मिणी एकटी त्या रस्त्याने येताना दिसेल.

"काय पाह्यतं वो पोरी?" मागून कुणीतरी म्हणालं.

एक म्हातारा जाळं झटकत झुडपामागून आला. त्याने त्या चपलांत पाय घातले आणि तो निघून गेला.

रुख्मिणी तिथेच खाली बसली. रडू आलं नाही. दात एकमेकांवर वाजत होते आणि ते थांबवता येत नव्हते. घरी जाण्याची हिंमत नव्हती, गिरणीच्या फाटकावर जाऊन वडिलांना बोलावण्याचीही नव्हती. शेवटी ती शाळेकडे परत निघाली, कारण दप्तर तिथे होतं आणि जायला दुसरी जागा नव्हती.

शाळेच्या मागे शेतीच्या विषयासाठी ठेवलेला जमिनीचा तुकडा होता. कुंपणाशी आल्यावर तिला वाफ्यात कुणीतरी वाकलेलं दिसलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात खुरपं. चपला बांधावर.

कवडूने वर पाहिलं. "कोठी गेलती तू? लीलाबाई शोधून राह्यल्या तुले."

ती कुंपणाच्या फटीतून आत शिरली, वाफे तुडवत त्याच्यापर्यंत गेली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारू लागली. खुरपं खाली पडलं. तो मागे सरला नाही, त्याने तिचे हातही धरले नाहीत.

"आता तं सर बी नाई सांगून राह्यले," तो म्हणाला.

तेव्हा तिला रडू आलं.

"मले वाटलं, तू नदीवर…"

"नदीवर कायले जाऊ?" त्याला खरंच कळलं नव्हतं. मग कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने चिखलाचे हात पँटला पुसले. "मोठं गणित सोडलं मी. सकाळीच हेडमास्तरले भेटलो. शेती घेतली. म्हनून तं पेटी देल्ली तुले."

"बाबाले इचारलं?"

"सांगन आज." तो क्षणभर थांबला. "हेडमास्तर म्हनले, काल तुही बहीण सोडून गेली, आज तू आला, घरून ठरवून आले काय? मले तं मालूमच नव्हतं. मी म्हटलं, थे नाई सोडत, काहीतरी चुकलं असन."

"काऊन म्हटलं तसं?"

"मंग मी एवढ्या थापडा खाल्ल्या त्या कायले?"

 त्याने खाली वाकून खुरपं उचललं, तिने तुडवलेली रोपं एकेक करून उभी केली, बुडाशी माती दाबली.

"मले परत जायचं भेव लागते," ती म्हणाली. "तू नसला तं सर दुसऱ्याले मारायले लावन मले."

कवडूने हात थांबवला. 

"हो," तो म्हणाला. "लावन."

संध्याकाळी रूपराव पाय धुऊन ओट्यावर बसले तेव्हा कवडू त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. रुख्मिणी दाराआड होती.

"बाबा, मी मोठं गणित सोडलं."

रूपरावांनी मान वर केली. देवकाबाई आतून बाहेर आली.

"मले येत नाई," कवडू म्हणाला. "दोन वर्स झाले, मले येत नाई. तिले येते. तिचं परत घाला."

 रूपराव आपल्या पायांकडे पाहत होते. तो टेरिलिनचा शर्ट त्यांच्या डोळ्यांपुढून गेला असेल तर तोंडावर तसं दिसलं नाही.

"मंग तुले काय येते?" शेवटी त्यांनी विचारलं.

"शेतीचे गुरुजी म्हनले, माहे वाफे सरळ हाय."

"वाफे तं मले बी येते."

"हो," कवडू म्हणाला.

देवकाबाई मध्ये पडली. "पोट्ट्याचं ठीक हाय. पन पोरीले पुन्हा त्या सराच्या हाताखाली नाई धाडायची."

"काऊन? काय झालं?"

देवकाबाईने ओठ मिटले. कवडू अंगणाकडे पाहू लागला. रूपरावांनी एकेकाकडे पाहिलं, मग दाराआडच्या सावलीकडे. 

सकाळी ते पाळीवर गेले नाहीत. स्वच्छ सदरा घातला, टोपी घातली आणि रुख्मिणीसोबत शाळेला निघाले. कवडू लवकर पुढे गेला होता. अर्ध्या वाटेवर रूपरावांनी विचारलं,

"मास्तर मारते काय तुले?"

"नाई."

"मंग?"

"मले मारायले लावते. ज्याले येत नाई त्याले."

मागून बैलगाडी येत होती. रूपराव रस्त्याच्या काठाला झाले. गाडी निघून गेली तरी ते काठावरच उभे होते.

"कवडूले?"

तिने मान हलवली. ते पुन्हा चालू लागले, आधीपेक्षा हळू. शाळा दिसू लागली तेव्हा तिने पाहिलं, ते कोरडे ओठ सारखे जिभेने ओले करत होते. पगाराच्या दिवशी साहेबापुढे जाताना करत तसे.

मुख्याध्यापकांनी थोडी कुरकुर केली आणि विषय पुन्हा बदलून दिला. तास सुरू झाला होता. रुख्मिणी वर्गात शिरली, तिच्या जागेवर बसली. भोयर सरांनी तिच्याकडे पाहून समाधानाने मान डोलावली. तेवढ्यात त्यांना दारात रूपराव दिसले.

"सर, जरा मांगं बसू काय?"

"कशाला?"

"पोरीनं काय घेतलं थे पाह्यतो जी. मले तं काही समजत नाई."

सर काही म्हणायच्या आत ते वहाणा बाहेर काढून वाकत वाकत मागे गेले आणि शेवटच्या बाकावर, कवडूच्या रिकाम्या जागी बसले. बाक त्यांना पुरत नव्हता. गुडघे वर आले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले. केसांत कापसाचा एक तंतू अडकला होता. पोरं मागे वळून पाहत होती आणि हसू दाबत होती. रुख्मिणीने एकदाच पाहिलं. गुडघ्यांमधले ते हात कापत होते.

सरांनी फळ्यावर उदाहरण घातलं. मग सवयीने एका पोराला बोलावलं. तो पोरगा फळ्यापाशी गेला, खडू घेऊन उभा राहिला, मग नुसताच उभा राहिला.

"रुख्मिणी."

ती उठली.  तिने उदाहरण सोडवायला सुरुवात केली, खडू दोनदा मोडला. शेवटची ओळ लिहून ती वळली तेव्हा तो पोरगा तिच्याकडे तोंड करून उभा होता. त्याने डोळे आधीच मिटून घेतले होते.

वर्ग थांबला. सरांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर मागच्या बाकाकडे गेली. रूपराव त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते फळ्याकडे पाहत होते, मान थोडी तिरकी करून. रुख्मिणीने काढलेल्या अक्षरांवरून त्यांचे डोळे डावीकडून उजवीकडे सावकाश चालले होते. एकही अक्षर लागत नसेल, पण ते सोडत नव्हते.

सरांनी हाताला लागलेला खडू झटकला. बराच वेळ झटकला.

"बसा," ते म्हणाले. "दोघंही बसा."

त्या पोराने एक डोळा उघडून पाहिलं.

घंटा झाली तेव्हा रूपराव उठले. बाकाच्या कडेला पाय अडखळला, त्यांनी भिंत धरली. दाराशी भोयर सर उभे होते.

"उद्याही येणार का?" सरांनी विचारलं.

रूपरावांनी हात जोडले होते. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग पायांकडे, मग पुन्हा सरांकडे.

"आता काय सांगू जी," ते म्हणाले. "पाळी कशी लागन त्याच्यावर हाय."

ते बाहेर आले, वहाणा घातल्या आणि टोपी डोक्यावर ठेवली. हात अजून थांबले नव्हते, म्हणून ती वाकडी बसली, आणि तशीच ते व्हरांड्यातून चालत गेले.